पगार आपला, हिशेबही आपला: नोकरीच्या पहिल्या वर्षात लावून घ्यायच्या सवयी

मुलीला नोकरी लागली की घरात पेढे वाटले जातात. पहिला पगार देवापुढे ठेवला जातो, आईला साडी येते, आजीच्या हातात नोट ठेवली जाते. हा आनंद साजरा व्हायलाच हवा. पण पुढच्या काही महिन्यांत अनेक घरांत नकळत एक गोष्ट घडते. पगार मुलीच्या खात्यात येतो, मात्र एटीएम कार्ड वडिलांच्या पाकिटात असते, ओटीपी भावाच्या मोबाइलवर येतो आणि गुंतवणुकीचे फॉर्म कोणीतरी भरून आणतो. ती फक्त खुणा केलेल्या जागी सही करते.

यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. ‘तुला कशाला त्रास’ या मायेपोटीच बहुतेकदा हे होते. परिणाम मात्र असा की दहा वर्षे नोकरी करूनही आपले पैसे कुठे आहेत, किती आहेत आणि कोणाच्या नावावर आहेत, हे तिला सांगता येत नाही. कमावणे हे एक काम आहे आणि कमाई सांभाळणे हे दुसरे. पहिले काम कॉलेज शिकवते. दुसरे शिकायला फार हुशारी लागत नाही, काही सवयी लागतात.

खाते, मोबाइल नंबर आणि पिन

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करावी. पगाराच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा असावा. अनेक मुलींचे खाते शाळा-कॉलेजात असताना उघडलेले असते आणि त्याला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. तोच नंबर पुढे चालू राहिला तर प्रत्येक व्यवहाराचा संदेश आणि ओटीपी दुसऱ्याकडे जातो. बँकेच्या शाखेत अर्ज देऊन नंबर बदलता येतो. आधार आणि पॅन यांना जोडलेला नंबरही त्याच वेळी तपासून घ्यावा.

यूपीआय पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड कोणालाही सांगू नये, अगदी विश्वासातल्या माणसालाही. हा अविश्वास नाही, शिस्त आहे. पिन दोघांना ठाऊक असेल तर खात्यातून गेलेल्या पैशांबद्दल पुढे बँकेकडे तक्रार करणेही अवघड होते.

बचत कुठे ठेवली आहे, हेही पाहावे. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पात्र सहकारी बँकांनाही हे संरक्षण लागू होते, पण पतसंस्थांना होत नाही. पतसंस्था एक-दोन टक्के जास्त व्याज देत असेल, तर त्याबरोबर येणारी ही जोखीम लक्षात ठेवावी.

पगारपत्रक वाचायला शिकणे

नेमणूकपत्रावरचा आकडा आणि हातात येणारा पगार यांत फरक का पडतो, हे पहिल्याच महिन्यात समजून घ्यावे. समजा, वार्षिक पॅकेज ४ लाख २० हजार रुपयांचे आहे, म्हणजे महिन्याला ३५,००० रुपये. त्यातले मूळ वेतन १७,५०० रुपये धरू. पीएफसाठी त्याच्या १२ टक्के, म्हणजे २,१०० रुपये कर्मचाऱ्याकडून कापले जातात. कंपनीही तेवढेच भरते आणि कंपनीचा हा वाटा बहुधा पॅकेजमध्येच मोजलेला असतो. शिवाय व्यवसाय कराचे २०० रुपये जातात. हातात उरतात ३०,६०० रुपये. ग्रॅच्युइटी आणि गटविम्याचा हप्ताही पॅकेजमध्ये धरला असेल, तर आकडा आणखी खाली येतो.

व्यवसाय कराबाबत महाराष्ट्रातील स्त्रियांना एक सवलत आहे. महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना २०२३ पासून हा कर लागत नाही. पगार त्याहून कमी असूनही कपात दिसत असेल, तर मनुष्यबळ विभागाला विचारावे. तसेच २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल आणि आस्थापना ईएसआय योजनेखाली येत असेल, तर पगारातून ०.७५ टक्का कापून उपचारांची सोय मिळते. कपात होत असेल, तर कार्ड काढून घेणे हा आपला हक्क आहे.

लग्न झाले म्हणून पीएफ मोडू नये

पीएफचा बारा अंकी यूएएन क्रमांक एकदा मिळाला की तो जन्मभराचा असतो. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो, फक्त जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वळवायची असते. वरच्या उदाहरणात पेन्शन योजना लागू असेल, तर कंपनीच्या २,१०० रुपयांपैकी १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि ८५० रुपये पीएफमध्ये. म्हणजे तिचे आणि कंपनीचे मिळून दरमहा २,९५० रुपये, वर्षाला ३५,४०० रुपये जमतात. व्याज वेगळे.

मोडता येण्यासारखी रक्कम म्हणून लग्नाच्या वेळी सर्वांत आधी नजर जाते ती इथेच. नोकरी सोडून दुसऱ्या गावी जाताना ‘काढूनच टाक’ असा सल्ला सहज मिळतो. पण सलग पाच वर्षे पूर्ण होण्याआधी पीएफ काढला, तर सामान्यतः त्यावर कर लागतो. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा नोकरी करायची थोडीशीही शक्यता असेल, तर खाते तसेच ठेवलेले बरे.

आधी बचत, मग खर्च

महिनाअखेर उरेल ते साठवू म्हटले, की काहीच उरत नाही. म्हणून पगार जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांतच ठरलेली रक्कम आपोआप दुसरीकडे वळेल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. सुरुवातीला पगाराचा दहावा हिस्साही चालेल. पगार वाढला की तोही वाढवावा.

ही रक्कम आधी अडीअडचणीच्या निधीत जावी. तीन ते सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढा पैसा, लगेच काढता येईल अशा ठेवीत असावा. या निधीचा उपयोग फक्त आजारपणात होतो असे नाही. वरिष्ठ त्रास देत असतील, रात्री उशिराच्या पाळीनंतर घरी जायची सोय नसेल, घरमालक अचानक खोली सोडायला सांगत असेल, अशा वेळी ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्यातूनच येते. खात्यात चार महिन्यांचा खर्च असलेली मुलगी नोकरी सोडण्याचा विचार तरी करू शकते. नसलेली मुलगी सहन करत राहते.

हा निधी झाला, की लांबच्या बचतीकडे वळावे. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात, मुदत १५ वर्षांची असते. त्यातले व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरले, तर त्या महिन्याचे व्याज पदरात पडते. कार्यालयातल्या मैत्रिणींची भिशी बचतीची सवय लावते, पण तिच्यावर व्याज नसते आणि कोणी हप्ते बुडवले तर दाद मागणे कठीण जाते. तिच्यात गंमतीपुरतेच पैसे घालावेत.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. तरुणपणी स्वतःची वेगळी पॉलिसी घेतली, तर हप्ता कमी बसतो आणि जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळही वेळेत सरतो. क्रेडिट कार्ड वापरायचे तर संपूर्ण बिल भरावे. नुसती ‘किमान रक्कम’ भरत राहिले, तर उरलेल्या बाकीवर महिन्याला साधारण ३ ते ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज चढते.

घरखर्चाचा वाटा ठरवून द्यावा

घरी पैसे देणे ही अनेक तरुणींसाठी जबाबदारीही आहे आणि समाधानही. अडचण येते ती आकडा ठरलेला नसल्यामुळे. आज फ्रीजचा हप्ता, उद्या भावाची फी, परवा आत्याकडचे कार्य, असे करत पगार संपतो. मग मनात कुरबुर राहते, ती बोलूनही दाखवता येत नाही.

यावर उपाय म्हणजे घरच्यांसोबत बसून एकदा रक्कम ठरवणे. ‘बाबा, दर महिन्याला आठ हजार मी नक्की देईन, त्याहून जास्त लागले तर आधी बोलू’ असे वाक्य पहिल्यांदा जड जाते. पण ते पहिल्या वर्षी बोलणे सोपे असते, सातव्या वर्षी फार कठीण. लग्नानंतर सासरीही हीच पद्धत चालते. दोघे कमावत असतील, तर घरखर्चासाठी संयुक्त खाते आणि प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, ही मांडणी बऱ्याच भांडणांना दारातच थांबवते. स्त्रीच्या हक्काचा पैसा तिच्यापासून हिरावून घेणे हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळ मानला जातो, हेही ठाऊक असावे.

‘नुसती सही कर’ म्हणतात तेव्हा

पगारपत्रक असलेल्या माणसाला जामीन राहण्याची विनंती हमखास येते. मामेभावाची टेम्पोची कर्जफाइल असते किंवा सहकाऱ्याचे पतसंस्थेतले कर्ज. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने हप्ते थकवले, तर वसुली जामीनदाराकडून करता येते आणि त्याचा पतगुणांकही बिघडतो. जे कर्ज स्वतः फेडायची तयारी नाही, त्यावर सही करू नये. कोऱ्या धनादेशाबाबतही हाच नियम पाळावा.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

सर्वांत दुर्लक्षित राहते ती ही बाब. विशीत मृत्यूचा विचार कोण करतो? पण आपल्या कमाईचे आपल्यामागे काय होईल, हे न ठरवल्यास कायदा ठरवतो आणि तो निर्णय अनेकींना धक्का देणारा असतो.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख स्त्रियांना लागू आहे. स्वतःच्या मिळकतीवर स्त्रीचा पूर्ण मालकी हक्क त्याने मान्य केला आहे. पण मृत्युपत्र न करता तिचे निधन झाले, तर वारसांचा क्रम असा लागतो: आधी मुले आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यानंतर तिचे आईवडील. अविवाहित मुलीची कमाई आईवडिलांकडे जाते. लग्न झाले, की ते तिसऱ्या क्रमांकावर जातात. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेचा नियम वेगळा आहे. मुलेबाळे नसतील, तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वतः कमावलेल्या पैशाला ही सवलत नाही.

नारायणी देवी यांचे प्रकरण याचे बोलके उदाहरण आहे. १९५५ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि तीन महिन्यांतच पती सर्पदंशाने वारले. सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढले. माहेरी राहून त्या शिकल्या आणि नोकरीला लागल्या. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करताच त्यांचे निधन झाले. बँकेतली आणि भविष्य निर्वाह निधीतली मोठी रक्कम मागे होती. त्यांच्या आईने दावा केला, तसाच नणंदेच्या मुलांनीही केला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल नणंदेच्या मुलांच्या बाजूने दिला. नुसत्या सहानुभूतीवर कायद्याचा अर्थ बदलता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. एका कागदावर दोन ओळी असत्या, तर ते पैसे आईकडे गेले असते.

बँक खात्याला नॉमिनी म्हणून आईचे नाव असले तरी पुरत नाही. नॉमिनीला बँक पैसे देते, पण ते खऱ्या वारसांसाठी सांभाळायचे असतात. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा मुले नॉमिनी असतील, तर पैसे सामान्यतः त्यांचेच होतात. पीएफमध्ये लग्नानंतर नव्याने नॉमिनी नोंदवावा लागतो, आधीची नोंद रद्द ठरते.

मृत्युपत्र करणे वाटते तितके अवघड नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली, सुबुद्ध व्यक्ती साध्या कागदावर ते लिहू शकते. स्टॅम्पपेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. स्वतःची सही आणि ती पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये. परिस्थिती बदलली की ते बदलताही येते. मुस्लिम आणि ख्रिस्ती स्त्रियांना, तसेच गोव्यातील रहिवाशांना वेगळे वारसा नियम लागू होतात. त्यांनी वकिलाकडून नीट माहिती घ्यावी.

महिन्यातला एक तास

एवढ्या सगळ्या गोष्टी एका दिवसात करायच्या नाहीत. महिन्याच्या एखाद्या रविवारी एक तास काढला तरी पुरतो. पहिल्या महिन्यात मोबाइल नंबर आणि पिन, दुसऱ्यात पगारपत्रक आणि पीएफचे पासबुक, तिसऱ्यात आपोआप बचतीची सूचना, चौथ्यात विमा, पाचव्यात सगळे नॉमिनी आणि सहाव्यात मृत्युपत्राचा कागद. खाती, पॉलिसी आणि ठेवी यांची यादी एका वहीत लिहावी. पासवर्ड मात्र त्यात लिहू नयेत. वही कुठे ठेवली आहे, हे विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवावे.

वडील, भाऊ किंवा नवरा यांचा सल्ला जरूर घ्यावा, अनुभव मोलाचा असतो. पण सही करण्याआधी कागद स्वतः वाचावा, न कळलेले विचारावे आणि कळेपर्यंत थांबावे. ‘उद्या सांगते’ एवढे दोन शब्द म्हणता आले, तरी बरीचशी चुकीची कर्जे, पॉलिसी आणि जामीनकी टळतात.