मोटारीच्या रंगाची झिलई

मोटारीला पॉलिश करणे म्हणजे तिच्या रंगावर काहीतरी चढविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मेणाच्या बाबतीत ती खरी आहे. यंत्राने दिलेल्या झिलईच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडते. यंत्र पृष्ठभागाचा अत्यंत पातळ पापुद्रा घासून काढते, आणि एकदा काढलेला पापुद्रा परत येत नाही. नवशिक्याने एवढी एक गोष्ट मनाशी पक्की धरली, तर पुढील सर्व नियमांची कारणे त्याला सहज उमगतील.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर सामान्यतः चार थर असतात. पत्र्याला लागून गंजरोधक अस्तर, त्यावर पृष्ठभाग समतल करणारे दुसरे अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक लेप. या सर्वांची मिळून जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रॉन भरते; त्यांपैकी पारदर्शक लेपाच्या वाट्याला बहुधा ४० ते ५० मायक्रॉन येतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. उन्हातील अतिनील किरण शोषणारी द्रव्ये याच केसाहून पातळ लेपात मिसळलेली असतात. तो प्रमाणाबाहेर झिजला, की काही काळाने निस्तेज होऊन त्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि तो भाग पुन्हा रंगविण्याखेरीज उपाय उरत नाही.

मग घासावयाचे तरी कशासाठी? धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली, की धुळीचे कण लेपावर बारीक चरे पाडतात. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो. चऱ्यांच्या कडांवरून तो विखुरतो आणि रंग फिकट दिसतो. उन्हात दिव्याभोवतीच्या कोळिष्टकासारखी जी वर्तुळे दिसतात, ती वस्तुतः वर्तुळे नसतात. चरे सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेले तेवढे चमकतात. झिलई देणे म्हणजे चऱ्याभोवतीचा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत उतरविणे. यावरून हेही उघड होते, की ज्या चऱ्यात नख अडकते तो झिलईने काढण्याचा हट्ट धरू नये.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्यात गादी एकाच अक्षाभोवती वेगाने फिरते. त्याने काम झपाट्याने होते. परंतु ते क्षणभर एका जागी रेंगाळले, तरी उष्णता साठून लेप जळू शकतो. दुसऱ्यात गादी फिरता फिरता मध्यापासून किंचित ढळून लहान घेरेही घेते. त्यातील मुक्तपणे फिरणाऱ्या प्रकारात दाब फार झाला, की गादीचे फिरणे थांबते व ती नुसती थरथरते. नवशिक्याने हेच यंत्र घ्यावे. गादीच्या तबकडीवर शाईची एक रेघ ओढून ठेवली, म्हणजे ती फिरते आहे की नाही हे कळत राहते.

प्रथम गाडी स्वच्छ धुऊन, चिकटलेले कण काढून, ती सावलीत गार होऊ द्यावी. राहिलेला एखादा कणही गादीखाली सापडून नवे चरे पाडतो. रबराच्या व प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावावी. पत्र्याच्या कडा व उंचवट्याच्या रेघा यांवरही ती लावावी. कारण तेथे लेप मुळातच पातळ असतो आणि गादीचा सारा दाब त्या अरुंद जागी एकवटतो. प्लॅस्टिकचे बंपर उष्णता लवकर वाहून नेत नाहीत, म्हणून तेथे हात अधिक हलका ठेवावा.

सबंध गाडीला हात घालण्यापूर्वी बॉनेटवरील सुमारे दीड-दोन फूट चौरस जागा चाचणीसाठी निवडावी. सर्वांत मऊ गादी व सर्वांत सौम्य पॉलिश यांनी आरंभ करावा. कडक गादी आणि रबिंग कंपाउंड यांच्याकडे, सौम्य साधन अपुरे पडल्यासच वळावे. गादीवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्यावेत, ती पृष्ठभागाला टेकवून मगच यंत्र सुरू करावे आणि उचलण्यापूर्वी बंद करावे. गादी सपाट धरून सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर अशा संथ गतीने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येईल असा, आधी आडवा व मग उभा फिरवावा. असे चार-पाच फेरे पुरेत. गादी वरचेवर साफ करावी. तेलकट पॉलिश चरे तात्पुरते झाकते. म्हणून पॉलिश पुसल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करून, मगच ती दिव्याखाली तपासावी.

गादीवर गाडीचा रंग उतरू लागला, तर तत्काळ थांबावे. पारदर्शक लेप नसलेल्या जुन्या पद्धतीच्या रंगात हे स्वाभाविक आहे. लेप असलेल्या गाडीत मात्र त्याचा अर्थ लेप संपला असा होतो.

चाचणीच्या जागी चरे बहुतांशी निवळले, म्हणजे तीच पद्धत उरलेल्या गाडीवर वापरावी. एखाददुसरा खोल चरा शिल्लक राहिला तर राहू द्यावा. शेवटी मेणाचा हात द्यावा आणि पुढे धुताना भरपूर पाणी व मऊ कापड वापरावे. धुण्यात काळजी घेतली, तर पुन्हा झिलई देण्याची वेळ लांबते आणि पारदर्शक लेप गाडीच्या आयुष्यभर पुरतो.