प्रतिकृतीतील पाणी : रेल्वेपुलाच्या देखाव्यासंबंधी काही सूचना



शालेय प्रदर्शनांत रेल्वेचे देखावे पुष्कळदा पाहावयास मिळतात. रूळ, स्थानक, डबे यांवर मुले मनापासून मेहनत घेतात. परंतु पुलाखाली पाहिले तर निळ्या रंगाचा एक पट्टा किंवा आरशाचा तुकडा असतो. असे पाणी खरे वाटत नाही, एवढाच त्यातला दोष नाही. त्या पट्ट्यामुळे एक मोलाचा प्रश्न मुलांच्या मनात येतच नाही.

तो प्रश्न असा. पूर्णा-अकोला हा लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. २००८ मध्ये त्याचे रुंद मार्गात रूपांतर झाले. त्यावरील ओढ्यानाल्यांचे पूल वैशाखात पाहावेत. खाली पाण्याची बारीक धार, पुष्कळ ठिकाणी तीही नाही. मग पूल एवढा लांब कशासाठी? उत्तर पावसाळ्यात मिळते. पूल बांधतात तो रोजच्या पाण्यासाठी नव्हे, पुराच्या पाण्यासाठी. काठापासून काठापर्यंत बारमाही निळे पाणी दाखविणारी प्रतिकृती हे सत्य झाकून टाकते. म्हणून देखावा करण्यापूर्वी वर्गाने एक गोष्ट ठरवावी : आपण कोणत्या महिन्याचा ओढा करणार?

नंतर प्रत्यक्ष निरीक्षण करावे. उथळ पाण्याला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतो. तळ, पाण्यात मिसळलेला गाळ आणि वरचे आकाश यांवरून आपल्याला त्याचा रंग दिसतो. कयाधूचेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात शेतांतील माती वाहून आल्यामुळे पाणी गढूळ, तपकिरी होते. तळ दिसत नाही. हिवाळ्यात काठाशी ते नितळ असते आणि वाळू-गोटे दिसतात. डोहात मात्र हिरवट काळसर छटा येते. उन्हाळ्यात वाळू, गोटे, भेगाळलेला गाळ आणि तुरळक डोह उरतात. हे निरीक्षण शिक्षकांच्या देखरेखीखाली, सुरक्षित काठावरूनच व्हावे. रुळांवर किंवा रेल्वेपुलावर मुलांना कदापि नेऊ नये. पूर असताना नदीकाठीही नेऊ नये.

देखाव्यात खरेच पाणी का ओतू नये, असे मुले विचारतील. एकास शंभर या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. भांड्याच्या कडेशी पाणी दोन-तीन मिलिमीटर वर चढते. या प्रमाणात ती चढण वीस-तीस सेंटिमीटरांची होते. प्रतिकृती लहान करता येते, पाण्याचे गुणधर्म लहान करता येत नाहीत. शिवाय पाणी झिरपून पुठ्ठा व लगदा खराब होतो आणि साचून राहिल्यास डास होतात.

कृती पुढीलप्रमाणे करावी. फळीवर कागदाचा लगदा व सरस यांनी काठ व पात्र घडवावे. नुसती काळी माती वाळताना तडकते. मात्र उन्हाळ्यातील कोरडा डोह दाखवावयाचा असेल तर तिचा पातळ थर मुद्दाम द्यावा, भेगा आपोआप पडतील. पात्र वाळल्यावर चाळलेली वाळू व बारीक खडे चिकटवावेत. जेथे पाणी खोल, तेथे तळाला हिरवट काळा रंग द्यावा आणि काठाकडे तो हळूहळू वाळूच्या रंगात मिसळावा. खोलीचा भास या रंगानेच होतो, वरच्या चकाकीने नव्हे.

तळ पूर्ण वाळल्यावर फळी समपातळीत ठेवून बाजारात मिळणाऱ्या फेविकॉलसारख्या पांढऱ्या सरसाचा पातळ थर द्यावा. थर दोन मिलिमीटरांहून जाड नसावा. जाड थर आत दुधाळ राहतो. पहिला थर पारदर्शक झाल्यावरच दुसरा द्यावा. असे तीन-चार थर पुरेत. शेवटच्या थरावर कुंचल्याचे टोक टेकवीत गेल्यास बारीक लहरी उमटतात. त्यावर व्हार्निशचा हात दिल्यास चकाकी येते व ओलीपासून संरक्षण होते. पुराचे पाणी करावयाचे असल्यास सरसात मातकट रंग मिसळावा आणि पुलाच्या खांबांशी पांढऱ्या रंगाने किंचित फेस दाखवावा. इपॉक्सी राळेचे पाणी काचेसारखे स्वच्छ होते. परंतु घट्ट होताना ती तापते व तिचा त्वचेशी संपर्क अपायकारक असतो. ती मुलांच्या हाती देऊ नये.

प्रमाणाकडेही लक्ष असावे. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून प्रसिद्ध आहे. जगात अशा प्रतिकृतींसाठी एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण फार रूढ आहे. शाळेत गणितास सोपे म्हणून एकास शंभर घ्यावे. १.६७६ मीटरचा रुंद मार्ग त्यात सुमारे सतरा मिलिमीटरांचा होतो. पूल, काठ, झुडपे आणि लहरी याच मापात बसाव्यात. बोटभर उंच लाट म्हणजे पाच-सहा मीटरांची लाट, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

शेवटी गावातील वडीलधाऱ्यांना विचारून पुराची सर्वांत उंच खूण पुलाच्या खांबावर रंगाने दाखवावी व देखाव्याजवळ महिन्याच्या नावाची चिठ्ठी लावावी. 'वैशाख' ही चिठ्ठी, खालची कोरडी वाळू आणि खांबावर उंच असलेली ती रेघ पाहून एखादा पाहुणा थांबेल व पूल एवढा लांब का, हे विचारील. मुलाने त्याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत दिले की देखाव्याचे काम झाले, असे समजावे.