कॅमेरा उचलण्याआधी : सुधारक ओलवे यांच्या छायाचित्रांतून शिकण्यासारखे

काही वर्षांपूर्वी नाशिकच्या एका वस्तीत आम्ही रेशनचे किट वाटत होतो. फोटोच्या वेळी एका ताईंनी पदर तोंडावर ओढला. आम्ही म्हणालो, "ताई, पदर जरा बाजूला घ्या, चेहरा दिसत नाही." त्यांनी घेतला. फोटो अहवालात छापून आला. आम्ही त्यांना किट दिले, पण त्या बदल्यात त्यांच्याकडून काय घेतले, हे कळायला आम्हाला वेळ लागला. ते कळले सुधारक ओलवे यांची छायाचित्रे पाहताना.

अकोल्यात जन्मलेले ओलवे १९८८ पासून मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागले. बातमीचा फोटो मिनिटांत टिपायचा असतो आणि दुसऱ्या दिवशी तो शिळा होतो. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काम मात्र त्यांनी असे उरकले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेला हा विषय त्यांनी अनेक वर्षे धरून ठेवला. त्यातील कृष्णधवल छायाचित्रे २०१३ मध्ये पुस्तकरूपाने आली. 'प्रतिष्ठा आणि न्यायाच्या शोधात' असा त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ आहे. नावात दया नाही, हे लक्षात घ्यावे.

त्यांच्या पद्धतीत आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे वेळ. एकदा येऊन गेलेल्याला लोक फक्त आपली अडचण दाखवतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्यासमोर ते आपले जगणे उघडे करतात. दुसरी गोष्ट म्हणजे चौकट. गटारात उतरलेला आणि कचऱ्याच्या ढिगावर उभा असलेला कामगार या छायाचित्रांत आहे, तसे त्याचे घर आणि कुटुंबही आहे. त्यामुळे पाहणारा केवळ घाणीजवळ थांबत नाही. या माणसाच्या वाट्याला हेच काम का आले, असा प्रश्न त्याला पडतो.

त्या प्रश्नाचे उत्तर जातीत आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. घर उघड्यावर पडू नये म्हणून ही तरतूद हवीच. पण त्याच वाटेने बापाचा झाडू मुलाच्या हातात येतो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा नवा कायदाही २०१३ चाच. तरी गटारांतले मृत्यू थांबलेले नाहीत. आकडेवारी वाचून हे समजते, छायाचित्र पाहिल्यावर मात्र नजर चुकवता येत नाही.

पुढे ओलवे महाराष्ट्रातील जातीय अत्याचार सोसलेल्या कुटुंबांपर्यंतही कॅमेरा घेऊन गेले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान मोठा आहेच. पण ज्यांच्याकडे पाहून शहर तोंड फिरवते, ते लोक या कामामुळे कलादालनाच्या भिंतीवर आले, हे आम्हाला त्याहून मोठे वाटते.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढले, कारण आपले म्हणणे मांडायला आपले पत्र नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून जबाबदारीही आपलीच. आमच्या गटाने आता काही साधे नियम केले आहेत. आधी बोलायचे, मग विचारायचे. 'नको' म्हटले की मोबाइल खिशात. काढलेला फोटो आधी त्या व्यक्तीला दाखवायचा आणि जमल्यास त्याची प्रत द्यायची. वस्तू देता-घेतानाचा फोटो तर काढायचाच नाही. देणगीदार अशा फोटोंची मागणी करतात, तेव्हा हे नियम पाळणे जड जाते. तरीही पाळतो.

त्या ताईंकडे आम्ही पुन्हा गेलो, माफी मागितली आणि जुना फोटो काढून टाकला. निघताना त्याच म्हणाल्या, "आता काढा, नातीबरोबर." त्यांनी आतून नवे लुगडे नेसून येईपर्यंत आम्ही दारात थांबलो. त्या फोटोची प्रत त्यांच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलेली आहे. आमच्या अहवालात तो फोटो नाही.