जाडेभरडे मासे

(एस. वाय. बी. ए.)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. कुपवाडहून आम्ही चार मित्र सायकलींवरून हरिपूरला गेलो होतो. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांचा तेथे संगम आहे, काठावर संगमेश्वराचे देऊळ आहे. देवदर्शन हे घरी सांगायचे कारण, खरा बेत मासे धरण्याचा! सकाळपासून दुपारपर्यंत आमच्या गळाला एकच शिंगटी लागली आणि तिनेही जाता जाता एकाच्या बोटात काटा मारला. शेजारी एक म्हातारे मामा गळ टाकून बसले होते. ते हसून म्हणाले, "पोरांनो, शिंगटीला डोक्यामागनं धरावं लागतं. शेपटीकडनं धरणारा रडतोच."

परतताना आमच्यातला एक जण म्हणाला, "इंग्लंडात म्हणे लोक मासा धरतात, त्याचं वजन करतात आणि परत पाण्यात सोडतात." त्यावर दुसरा म्हणाला, "मग गळ टाकायचाच कशाला रं? घरातच बसावं की!" आम्ही खूप हसलो. पण हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. सुट्टी संपल्यावर मिळेल तेथून मी या छंदाची माहिती गोळा केली. तीच येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील माशांचे जणू दोन वर्ण मानले गेले आहेत. सामन आणि ट्राउट हे खानदानी मासे. ते थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहतात, खायला रुचकर असतात आणि त्यांची शिकार जमीनदार व सरदार मंडळी करीत. उरलेले सगळे मासे म्हणजे 'कोर्स फिश', आपल्या भाषेत 'जाडेभरडे मासे'! आपल्याकडे तांदूळ-गव्हापुढे नाचणी-वरीला जे नाव, तेच तिकडे कार्प, रोच, ब्रीम, पाईक, टेंच या माशांना मिळाले. हे मासे संथ नद्यांत, कालव्यांत आणि तळ्यांत राहतात, आणि असे पाणी कारखान्यांच्या गावांजवळही असते. त्यामुळे जाडेभरडे मासे धरणे हा कामगारांचा छंद झाला. शेफील्ड आणि बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांत एकोणिसाव्या शतकातच कामगारांचे मासेमारी संघ निघाले. सुट्टीच्या दिवशी शेकडो कामगार आगगाडीने दूरच्या नदीवर जात. माझे वडील औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. आठवडाभर यंत्रापुढे उभे राहिलेल्या माणसाला रविवारी पाण्याकाठी बसावेसे का वाटते, हे मला निराळे समजावून सांगावे लागले नाही.

या छंदाचे साहित्य पाहिले तर आपल्यात आणि त्यांच्यात फारसा भेद दिसत नाही. आपण ज्वारीच्या ताटाचा तुकडा किंवा मोराच्या पिसाची दांडी दोऱ्याला तरंगती बांधतो. तिकडेही तरंगत्यासाठी मोरपिसाचीच दांडी वापरण्याची जुनी रीत आहे. तरंगते आणि गळ यांच्यामध्ये वजन असते. माशाने आमिष ओढले की तरंगते बुडते आणि काठावरच्या माणसाला पाण्याखालची बातमी कळते. आपले आमिष गांडूळ किंवा कणकेची गोळी. तिकडे अळ्या, पाव, उकडलेला मका, आणि अंडी घालून उकडलेल्या पिठाच्या गोळ्या वापरतात.

कार्प मासा मात्र मोठा चतुर. त्याच्या जबड्याला दात नसतात, ते घशात असतात. तो अन्न आधी ओढून घेतो, संशय आला की लगेच थुंकून टाकतो. यावर १९८० च्या सुमारास इंग्लंडमधील छंदिष्टांनी एक युक्ती काढली. त्यांनी आमिष गळाला न टोचता गळाच्या शेजारी एका केसाला बांधले. माशाला आमिष मोकळे वाटते, तो ते ओढून घेतो आणि थुंकताना गळ ओठाला लागतो. पहिले प्रयोग खरोखरच माणसाच्या केसावर झाले होते!

हा कार्प आपल्याला अनोळखी नाही. सांगलीच्या बाजारात 'सायप्रिनस' म्हणून जो मासा मिळतो, तोच हा. तो आपल्याकडे १९३९ मध्ये आणि नंतर पुन्हा १९५७ मध्ये बाहेरून आणला गेला. 'चिलापी' १९५२ मध्ये आली. म्हणजे परदेशी सहलीला आलेले हे पाहुणे परत गेलेच नाहीत!

आता मूळ प्रश्न, धरलेला मासा सोडायचा कशाला? त्याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिले असे की इंग्लंडमध्ये हे मासे आता फारसे कोणी खात नाही. दुसरे अधिक महत्त्वाचे. तळे लहान आणि छंदिष्ट पुष्कळ. प्रत्येकाने मासा घरी नेला तर दोन वर्षांत तळे ओस पडेल. सोडलेला मासा वाढतो आणि पुन्हा कोणाला तरी आनंद देतो. रिचर्ड वॉकर नावाच्या गृहस्थाने १९५२ मध्ये रेडमायर या लहानशा तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोचा कार्प धरला. हा त्या देशातील विक्रम ठरला. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाठविला गेला आणि तेथे १९७१ पर्यंत जगला. जाडाभरडा मासा असा मानाला चढला. शिवाय तेथे गळ टाकण्यासाठी परवाना काढावा लागतो, त्याचे पैसे पाण्याच्या आणि माशांच्या देखभालीसाठी जातात. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, माशांच्या विणीच्या काळात, नद्यांवर ही मासेमारी बंद असते.

या छंदापायी मित्रमंडळी परदेशीही जातात. चार-पाच जण वर्षभर पैसे साठवितात, एका गाडीत तंबू, गळ आणि शिधा भरतात आणि फ्रान्समधील एखाद्या तलावावर आठ दिवस मुक्काम ठोकतात. रात्री तंबूत झोपायचे, मासा लागला की दोऱ्याला जोडलेली बारीक घंटी वाजते, मग सगळे धावतात. स्पेनमधील एब्रो नदीवरही अशीच गर्दी असते. तेथे शंभर-शंभर पौंडांवरचे वेल्स जातीचे मासे मिळतात. पण हा मासा एब्रोचा नव्हे. एका जर्मन छंदिष्टाने १९७४ मध्ये त्याची पिले तेथे आणून सोडली. त्यातून गावांना पर्यटनाचा पैसा मिळाला हे खरे. परंतु मूळच्या माशांना तो भारी पडला आणि आज स्पेनच्या कायद्याने त्याला उपद्रवी परकी जात ठरविले आहे.

असाच एक धडा आपल्या देशात, आणि त्यातही महाराष्ट्राचा संबंध असलेला, घडला आहे. १९७७-७८ मध्ये तीन इंग्रज छंदिष्ट भारतात आले. त्यांना शोध होता महाशीर या आपल्या बलाढ्य माशाचा. तो आता संपला असे अनेकांना वाटत होते. कर्नाटकात कावेरीच्या डोहांत त्यांना तो सापडला. बातमी पसरली, भीमेश्वरी येथे मुक्कामाची सोय झाली आणि परदेशी पाहुणे येऊ लागले. ज्या स्थानिक लोकांनी पूर्वी सुरुंग लावून मासे मारले होते, त्यांच्यातलेच काही पाहुण्यांचे वाटाडे झाले आणि डोहांची राखण करू लागले. मेलेल्या माशापेक्षा जिवंत मासा त्यांना अधिक दिवस भाकरी देऊ लागला. पुढे अभयारण्याच्या हद्दीतील ही मासेमारी वन्यजीव कायद्याखाली थांबविण्यात आली.

ही झाली उजळ बाजू. दुसरी बाजू लोणावळ्याशी जोडलेली आहे. टाटा वीज कंपनीने तेथील वळवण तलावापाशी १९७० च्या दशकात महाशीरची पैदास सुरू केली. हे काम चांगल्या हेतूचे होते आणि त्याचे कौतुकही झाले. पण तेथील पिले आपल्या दख्खनी जातीची होती आणि तीच कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा मूळचा महाशीर निराळा, पाठीला उंचवटा असलेला. नवे मासे वाढत गेले, जुने दिसेनासे झाले. या मूळच्या माशाचे शास्त्रीय नावही २०१८ पर्यंत नक्की झाले नव्हते. ज्या वर्षी नाव ठरले त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे, असे जाहीर करावे लागले. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही त्याचे जाणेही लक्षात येत नाही, ही गोष्ट मला येथे फार लागली.

नावावरून आठवले. आपल्या दख्खनच्या माशांच्या बाबतीत एक अभिमानाची गोष्ट आहे. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी मुंबई इलाख्याची पाहणी करीत फिरला आणि १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांचे वर्णन छापले. नावे ठेवताना त्याने येथील लोकांच्याच तोंडचे शब्द घेतले. त्यामुळे जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आजही 'खुदरी', 'कोळस', 'मळ्या', 'शिंगटी', 'नुकटा' असे मराठी शब्द लॅटिन वेषात वावरत आहेत. आमच्या मित्राच्या बोटात काटा मारणारी शिंगटी लंडनच्या विद्वानांच्या कागदात जाऊन बसली आहे! साइक्सला ही नावे कोणी सांगितली असतील? नदीकाठच्या भोई-कोळ्यांनीच. त्यांची नावे मात्र कोठेही छापली गेली नाहीत.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्लंडच्या या छंदाकडून घेण्यासारखी गोष्ट गळ किंवा घंटी नव्हे, ती आहे एका खटल्याची. डर्बी शहराजवळ डरवेंट नदीवर तेथील छंदिष्टांच्या संघाकडे मासेमारीचा हक्क होता. नदीत एका मोठ्या कारखान्याचे सांडपाणी, नगरपालिकेचे मैलापाणी आणि वीजकेंद्राचे गरम पाणी येत होते. मासे नाहीसे झाले. १९४८ मध्ये जॉन ईस्टवूड या वकिलाने अशा छंदिष्टांची एक सहकारी संस्था काढली होती. तिच्या पाठबळावर डर्बीच्या संघाने तिघांनाही न्यायालयात खेचले आणि १९५३ मध्ये अपील न्यायालयातही खटला जिंकला. पाणी बिघडवू नये, असा मनाई हुकूम निघाला आणि सुधारणेसाठी मुदतही मिळाली. तो कारखाना बंद पडला नाही, पुढे अनेक दशके चालला. ही गोष्ट वाचून मला हायसे वाटले, कारण माझ्या घरची चूल कारखान्यावरच पेटते. "नदी हवी की भाकरी?" असा प्रश्न आम्हाला नेहमी घातला जातो. डर्बीच्या लोकांनी दाखवून दिले की तो प्रश्नच चुकीचा आहे.

आपल्या कृष्णेची कहाणी सर्वांना माहीत आहे. शेरीनाल्याचे पाणी सांगलीत नदीला मिळते, ही तक्रार माझ्या जन्माच्या आधीपासूनची. २०२३ च्या मार्चमध्ये अंकली परिसरात मेलेल्या माशांचा खच पडला होता. आम्ही चौघे सायकली काढून पाहायला गेलो. नाकाला रुमाल लावूनच उभे राहावे लागले. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. मैलापाणी किंवा मळीचे पाणी नदीत आले की ते कुजविणारे सूक्ष्म जंतू भराभर वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. उन्हाळ्यात पाणी थोडे आणि कोमट असते. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हवेत श्वास घेऊ शकणारी मरळ काही काळ तग धरते, इतर मासे काही तासांतच मरतात. म्हणजे माशांनी वर येऊन तोंड उघडणे ही धोक्याची पहिली घंटा आहे. पण ती ऐकायला काठावर कोणीतरी बसलेले हवे ना! पाणी प्रदूषणाचा कायदा आपल्याकडे १९७४ पासून आहे. कायद्याला साक्षीदार लागतो, आणि रोज नदीकडे पाहणारा माणूस हाच खरा साक्षीदार.

हरिपूरचे मामा तसे साक्षीदार आहेत. मी त्यांना इंग्लंडची हकिगत सांगितली. मासा परत सोडण्याचे त्यांना पटले नाही. "पोटाला लागतो तेवढा घ्यावा, बाकीचा नदीचा," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी आपण होऊन सांगितले, की लहानपणी या डोहात जे मासे ते धरीत त्यांतले चार-पाच प्रकार आता दिसतच नाहीत. त्यांची नावे त्यांनी बोटांवर मोजून दाखविली.

त्या दिवसापासून आम्ही चौघांनी एक शंभर पानी वही घातली आहे. रविवारी हरिपूरला गेलो की त्या दिवशी कोणते मासे दिसले, पाण्याचा रंग आणि वास कसा होता, मासे वर आले होते का, हे तारखेसह लिहून ठेवतो. पहिल्या पानावर मामांनी सांगितलेली नावे आहेत. वर्गमित्रांपैकी ज्यांची घरे नदीकाठच्या गावांत आहेत, त्यांनीही आपल्या घाटावर अशी एक वही सुरू करावी, एवढीच विनंती. गळ असो वा नसो!