दोन चाकं आणि चार मैत्रिणी

तासावर भाड्याने सायकल आणायची, दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं आणि गुडघे फोडून घ्यायचे, हे आपल्यापैकी अनेकींनी केलंय. मग लग्न झालं, साडी आली, संसार आला आणि सायकल सुटली ती सुटलीच. दूध आणायला नवऱ्याची गाडी, बँकेत जायला मुलाची वाट. मैत्रिणींनो, पाय आपलेच, पण कुठे जायचं ते दुसऱ्याच्या सवडीने!

आमच्या गावात बचत गटाच्या कामात मी हे रोज बघत होते. म्हणून आम्ही चौघींनी पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर सायकली काढल्या. आज आम्ही चौदाजणी आहोत. सर्वांत लहान सव्वीसची, थोरल्या काकू एकसष्टच्या.

एकटीने का नाही, असं कुणी विचारतं. एकटी बाई सायकलवर दिसली की टपरीवरचे बघत राहतात, कुणी शेरा मारतो आणि चौथ्या दिवशी सायकल पुन्हा जिन्याखाली जाते. चौदाजणी निघाल्या की तेच लोक बाजूला होतात. शिवाय पहाटे गजर झाला तरी उठवत नाही, पण चौकात मैत्रीण थांबलीय म्हटलं की उठावंच लागतं.

तब्येतीचं म्हणाल, तर मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस, झालं काम! सायकलवर शरीराचं वजन सीटवर असतं, त्यामुळे गुडघ्यांवर भार कमी येतो. मात्र हाडांसाठी थोडं चालणंही ठेवा आणि बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पण खरी गोष्ट तब्येतीच्या पुढची आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालली. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकल शिकणंही मोहिमेत घेतलं. लाखाच्या वर बायका सायकल शिकल्या, त्यात शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्याही होत्या. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. कित्येकींना त्याच आवडल्या, कारण दांडीवर मूल बसवता येतं! पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. बस चुकली म्हणून बाजार बुडणं, पाण्यासाठी पायपीट करणं यातून त्या बायकांची बरीच सुटका झाली.

आमच्याकडेही तसंच. गटातली एक अंगणवाडी मदतनीस तीन किलोमीटर रिक्षाने जायची. आता ते पैसे मुलीच्या क्लासला जातात. आमच्या सव्वीस वर्षांच्या मैत्रिणीला मात्र घरून मनाई झाली. 'सुनेनं रस्त्यावर फिरायचं?' असं सासूबाई म्हणाल्या. आम्ही चौघी जाऊन बसलो, वाद घातला नाही, चहा घेतला. काकूंनी एवढंच म्हटलं, "वहिनी, तुम्हीही या की मैदानावर." त्या आल्या नाहीत, पण सून आता रविवारी येते. आठवड्यातला एक दिवस. तेवढा तरी तिचा झाला.

सुरुवात करायची असेल तर आमचे साधे नियम ऐका. नवशिकीने सीट खाली घ्यावी, दोन्ही पाय जमिनीला टेकले की भीती जाते. पायडल काढून नुसतं पायाने ढकलत तोल सांभाळायला शिकावं. ओढणी आणि पदर नीट खोचावा, साखळीत अडकू देऊ नये. मोठ्या रस्त्यावर डावीकडून, एकीमागे एक जावं. सराईत बाई एक पुढे, एक सर्वांत मागे. वेग सर्वांत हळू चालवणारीचा. पंक्चर झालं तर सगळ्याजणी थांबायचं, मागे कुणाला सोडायचं नाही.

नवी सायकल हवी असंही नाही. घरात मुलाची पडून असेल, तिच्यात हवा भरा, साखळीला तेल द्या, ब्रेक दुरुस्त करून घ्या. आणि शेजारणीला हाक मारा. तिच्याही मनात असतं हो, फक्त कुणीतरी आधी विचारायला हवं असतं.