मार्चअखेरची पिशवी आणि कोंबड्यांची वही

शहापूर-मुरबाड भागात भातशेतीला जोडधंदा म्हणून कुक्कुटपालन करणारे शेतकरी बरेच आहेत. शेड बांधताना आपण गवंड्याशी चार वेळा बोलतो, पिल्ले टाकण्याआधी डॉक्टरांना विचारतो. हिशेब पाहणाऱ्या सीएकडे किंवा टॅक्सच्या वकिलाकडे मात्र वर्षातून एकदाच जातो, तेही मार्च उलटल्यावर बिलांची पिशवी घेऊन. "साहेब, तुम्हीच काय ते बसवा," असे सांगून पिशवी टेबलावर ठेवली की सुटलो! फी वर्षाची भरायची आणि सल्ला एका दिवसाचाही घ्यायचा नाही, असा हा उफराटा व्यवहार आहे.

"आपल्याला कुठला आलाय टॅक्स, आपण शेतकरी," असे बरेच जण म्हणतात. भात आणि भाजीपाल्याच्या उत्पन्नाला आयकर नाही हे खरे. परंतु कोंबड्या आणि दूध यांचे उत्पन्न आयकर कायद्यात शेतीचे धरले जात नाही, तो व्यवसाय ठरतो. शेड स्वतःच्या सातबाऱ्यावर असले तरी त्यात फरक पडत नाही. म्हणून शेतीची वही वेगळी आणि कोंबड्यांची वेगळी ठेवावी. बँकेतले खातेही वेगळे असले तर उत्तम.

वही कशी उपयोगी पडते ते आपल्याच तालुक्यात पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला. सुमारे १०० कोंबड्या दगावल्या आणि एक किलोमीटर परिसरातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचे ठरले. अशा वेळी शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची व खाद्याची भरपाई मिळते, आधीच रोगाने मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. मग पिल्ले किती आली, कितव्या दिवशी किती मेली, खाद्याची किती पोती शिल्लक होती, याला महत्त्व येते. ज्याने हे रोज लिहिले त्याला पंचनाम्याच्या वेळी तोंडी सांगत बसावे लागत नाही. हीच वही दर बॅचला सीएला दाखवली तर वर्षाचा हिशेब आपोआप तयार होतो.

आता सीएला काय विचारायचे?

एक, टीडीएस. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवत असाल तर मिळणाऱ्या मोबदल्यातून साधारण १ टक्का कर कापला जातो. पॅन दिलेले नसेल तर २० टक्के! उत्पन्न करपात्र नसेल तर ही रक्कम परत मिळते, पण विवरणपत्र भरले तरच. कित्येकांचे पैसे असेच पडून राहतात.

दोन, तोटा. छोट्या धंद्याला विक्रीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून कर भरण्याची सोय आहे. मात्र या पद्धतीत बॅच बुडाली तरी नफाच धरला जातो. तोटा दाखवायचा तर नीट वह्या हव्यात, आणि विवरणपत्र मुदतीत हवे. मग तो तोटा पुढील ८ वर्षांपर्यंत धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. आपल्याला कोणती पद्धत परवडेल, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारावे.

तीन, हातउसने. पाहुण्याकडून शेडसाठी २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेऊ नका. दोघांचेही उत्पन्न शेतीचेच असेल आणि कोणाचेही करपात्र नसेल तर कायद्यात सूट आहे. पण कोंबड्यांचे उत्पन्न करपात्र झाले की ती सूट जाते, आणि घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो.

चार, कर्ज. नवे शेड घालायचे असेल तर बँकेत जाण्याआधी सीएकडे जा. कर वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे कमी दाखवलेले उत्पन्न पाहून बँक मोठे कर्ज कसे देणार?

गावच्या भाऊसाहेबांनाही एक विनंती. ग्रामसभेत योजना वाचून दाखवता तेव्हा या वहीचाही विषय काढावा. बचत गटाच्या भगिनी नोंदी चोख ठेवतात, त्यांच्याकडून शिकायला कमीपणा नाही.

अर्धे शेड मेल्यावर डॉक्टरांना बोलावून काय उपयोग? सीएचेही तसेच आहे. पुढची बॅच टाकण्याआधी एकदा त्यांच्याकडे जाऊन या, आणि जाताना पिशवी नको, वही न्या.