एरंडेलाची काजळी आणि बारा तास

मुंबईजवळच्या एका कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात ‘एरंडेलापासून जंतुनाशक कार्बन नॅनोकण : हरित रसायनशास्त्र’ असा फलक दिसला. लहानपणी एरंडेल प्यायलेली मी थबकलेच. फलकाशेजारची संशोधक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, लॅबमध्येच या ना. करतानाच बघा.”

सुरुवात अगदी घरगुती. दिवा, कापसाची वात, वर पालथी थाळी. पूर्वी काजळ धरायचे तसंच. फक्त इथं ज्योतीभोवती पत्र्याचं नळकांडं आहे. हवा कमी पडली की तेल अर्धवट जळतं आणि काजळी जास्त धरते. खरवडलेली काजळी तिनं चंचुपात्रातल्या पाण्यात टाकली. बुडेना. काचकांडीनं दाबली, तरी पुन्हा वर. पाणी नितळच राहिलं.

“हिला पाण्याचं वावडं आहे. पाण्यात मिसळल्याशिवाय जिवाणूंपर्यंत पोचणार कशी? म्हणून बारा तास.”

बारा तास म्हणजे नायट्रिक आम्लात उकळणं. मेणबत्तीच्या काजळीवर हाच प्रयोग करून चमकणारे कण मिळवल्याचं संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. आम्लामुळे कणांवर ऑक्सिजनयुक्त गट बसतात आणि ते पाण्याशी जुळवून घेतात. फ्यूमहूडच्या काचेआड तांबूस वाफ दिसत होती. काच जराशी वर सरकली तेवढ्यानं घसा धरला. वाफ थंड करायला कंडेन्सरमध्ये नळाचं पाणी एका नळीतून चढत होतं आणि दुसरीतून थेट बेसिनमध्ये पडत होतं. बारा तास! माझी नजर त्या बेसिनवरून हलेना.

पुढे आम्ल मारायचं, तयार झालेलं मीठ डायलिसिसच्या पिशवीतून काढून टाकायचं. आधीच्या खेपेचा तपकिरी द्रव तिनं अतिनील दिव्याखाली धरला, तर हिरवट चमकला.

ई. कोलाय वाढवलेल्या आगरच्या बशीत तीन खड्डे होते. एकात नॅनोकण, एकात प्रतिजैविक, तिसऱ्यात काजळीशिवाय याच सगळ्या प्रक्रियेतून काढलेलं नुसतं पाणी. कणांच्या खड्ड्याभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ होतं. ती मात्र आधी तिसऱ्या खड्ड्यावर वाकली. “इथं वर्तुळ दिसलं असतं, तर मारणारं उरलेलं आम्ल. माझे कण नव्हेत.” फलकापेक्षा या वाकण्यावर माझा जास्त विश्वास बसला.

पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं मांडली. पुन्हा निर्माण होणारा कच्चा माल वापरा, हे त्यातलं सातवं. टाकाऊ काही निर्माणच होऊ देऊ नका, हे पहिलं. सातवं तत्त्व फलकावर मिरवत होतं, पहिलं बेसिनमधून वाहून चाललं होतं.

कंडेन्सरचं तेच पाणी छोट्या पंपानं फिरवत ठेवता येतं. तिनं तसा पंप मागितला आहे. मंजुरी यायची आहे. ती येईपर्यंत फलकावर ‘एरंडेलापासून’ एवढंच असावं, ‘हरित’ खोडावं.